भरधाव वेगात तापणारे इंजिन : निदानाची दिशा

नागपूर–मुंबई या ७०१ किलोमीटर लांबीच्या समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये खुला झाला आणि जून २०२५ मध्ये संपूर्ण मार्ग वाहतुकीस उपलब्ध झाला. तासन् तास एकाच मोठ्या वेगाने धावण्याचा प्रसंग ग्रामीण भागातील वाहनांवर पूर्वी क्वचितच येई. तालुक्याच्या रस्त्यांवर वर्षानुवर्षे निमूटपणे चालणारी जीप किंवा रुग्णवाहिका अशा मार्गावर अर्ध्या तासात तापू लागली की चालक गोंधळतो, मिस्त्री पंख्याला दोष देतो, आणि पंखा बदलूनही तक्रार तशीच राहते. वाहनात रुग्ण असेल तर हा केवळ खर्चाचा प्रश्न उरत नाही.

पंख्यावरील संशय येथे बहुधा निराधार असतो. पंख्याची खरी गरज गर्दीत वा संथ चालीत असते. महामार्गावर समोरून येणारा वाराच रेडिएटरमधून पुरेशी हवा नेतो. म्हणून गर्दीत तापणारे व मोकळ्या रस्त्यावर निवणारे इंजिन पंख्याकडे बोट दाखविते. याउलट केवळ वेगात तापणारे इंजिन सांगते की निर्माण होणारी उष्णता वाहून नेण्यास पाण्याचा प्रवाह किंवा रेडिएटर अपुरा पडत आहे. इंधनातील उष्णतेचा स्थूलमानाने तिसरा हिस्सा पाण्यावाटे बाहेर टाकावा लागतो. वेग ६० वरून ९० किलोमीटरवर नेला तर हवेचा विरोध तोडण्यासाठी लागणारी शक्ती तिपटीहून अधिक होते. साठच्या वेगास पुरणारा अर्धवट तुंबलेला रेडिएटर नव्वदला का हार खातो, हे यावरून उमगावे.

प्रथम काटा खरा बोलतो की नाही, हे स्वतंत्र तापमापकाने पडताळावे. त्यानंतर रेडिएटर पाहावा. आपल्याकडे या विकाराचे मूळ पुष्कळदा पाण्यात असते. विहिरीचे वा कूपनलिकेचे जड पाणी वारंवार भरले की क्षारांची खपली नळ्यांत बसते. इंजिन तापलेले असताना दुरून तापमान मोजणारे उपकरण रेडिएटरच्या जाळीवर फिरविल्यास तुंबलेल्या नळ्यांचे पट्टे आजूबाजूच्या भागापेक्षा थंड आढळतात. बाहेरून जाळीत अडकलेला भुसा, चिखल व किडे हेही तितकेच घातक. रेडिएटरसमोर हौसेने लावलेले जादा दिवे व नामफलक वारा अडवितात. शासकीय वाहनेही या हौसेला अपवाद नाहीत.

रेडिएटर निर्दोष असेल तर खालच्या होज पाइपाकडे वळावे. पंप याच पाइपातून पाणी ओढतो. रबर मऊ पडले असेल, तर इंजिन जोरात फिरताच पाइप आत चेपतो व प्रवाह खुंटतो. इंजिन संथ होताच तो पुन्हा फुगतो. त्यामुळे उभ्या वाहनात हा दोष दिसत नाही. एकाने इंजिनचा वेग वाढवावा व दुसऱ्याने, फिरत्या पट्ट्यापासून दूर राहून, पाइपाकडे पाहावे. सैल पट्टा, झिजलेली पंपाची पाती, पूर्ण न उघडणारा थर्मोस्टॅट हे यानंतरचे संशयित.

थर्मोस्टॅट काढून टाकण्याची सल्ला देणारे पुष्कळ भेटतात. तो मानू नये. काही इंजिनांत त्याच्या अभावी पाण्याचा काही भाग रेडिएटर टाळून परत फिरतो आणि इंजिन उलट अधिक तापते.

झाकण क्षुल्लक वाटते, पण ते दाब धरते. वातावरणाहून एक पट अधिक दाबाखाली पाणी १०० ऐवजी सुमारे १२० अंश सेल्सिअसला उकळते. झाकणाची स्प्रिंग ढिली पडली की हे संरक्षण जाते. थंड इंजिन सुरू करताच होज पाइप ताठ होत असेल किंवा पाण्यात सतत बुडबुडे येत असतील, तर हेड गॅस्केट फुटल्याची शंका घ्यावी.

वाटेत काटा चढू लागल्यास वातानुकूलन बंद करून वेग कमी करावा; हीटर असल्यास तो पूर्ण चालू करावा, कारण तो छोट्या रेडिएटरचेच काम करतो. वाफ दिसल्यास मात्र सुरक्षित जागी थांबून इंजिन ताबडतोब बंद करावे. पाणी पार संपल्यावर तापमान मोजणारा भाग कोरडा पडून काटा खालीही उतरू शकतो; त्या उतरलेल्या काट्यावर विसंबून पुढे निघाल्यास हेड वाकते. इंजिन पूर्ण निवेपर्यंत झाकणास हात लावू नये, आणि तापलेल्या इंजिनात थंड पाणी ओतू नये.