प्रश्नावलीचा अनुवाद आणि तिची वैधता



कुंभकोणमजवळील पट्टीश्वरम् येथे एका नवप्रसूत मातेला आरोग्यसेविकेने दहा प्रश्न विचारले आणि उत्तरांच्या गुणांची बेरीज १० आली, असे मानू. या मातेला पुढील तपासणीसाठी पाठवावे काय?

हे दहा प्रश्न ‘एडिंबरा प्रसूतिपश्चात नैराश्य मापनश्रेणी’चे आहेत. जॉन कॉक्स व सहकाऱ्यांनी ती १९८७ मध्ये ब्रिटनमध्ये प्रसिद्ध केली. प्रत्येक प्रश्नास ० ते ३ गुण, कमाल बेरीज ३०. मूळ अभ्यासात १३ वा अधिक गुण हे संभाव्य नैराश्याचे लक्षण ठरले. गोव्यातील कोकणी आवृत्तीसाठी ही सीमा १२ निघाली. तामिळ आवृत्तीच्या २००५ मधील अभ्यासात ती ९ वर आली. म्हणजे पट्टीश्वरम्‌च्या मातेला तामिळ सीमेनुसार तपासणी मिळेल; ब्रिटिश सीमा जशीच्या तशी उचलली, तर ती निरोगी समजली जाऊन घरीच राहील.

दोष केवळ शब्दांचा नसतो. श्रेणीतील सहाव्या प्रश्नात एक इंग्रजी वाक्प्रचार आहे. त्याचे शब्दशः भाषांतर ‘गोष्टी माझ्यावर चढत आहेत’ असे होईल. मराठी स्त्री मात्र ‘आता काही झेपत नाही’ असे म्हणेल. अशा चुका पकडण्यासाठी मूळ न पाहिलेल्या व्यक्तीकडून उलट अनुवाद करून घेतात. या पद्धतीवर वाजवीपेक्षा अधिक विश्वास ठेवला जातो. कुशल अनुवादक ओबडधोबड वाक्यावरूनही मूळ इंग्रजी ओळखतो. मातेला ते वाक्य कळले की नाही, हे त्यातून समजत नाही.

खरी कसोटी वेगळी आहे. त्याच मातांची मुलाखत मानसोपचारतज्ज्ञाने प्रश्नावलीचे गुण न पाहता घ्यावी आणि दोन्ही निष्कर्ष ताडून पाहावेत. गोव्यात विक्रम पटेल व सहकाऱ्यांच्या २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात प्रसूतीनंतर सहा ते आठ आठवड्यांनी २३ टक्के मातांमध्ये नैराश्य आढळले. तेथील सीमेची संवेदनशीलता ९२ टक्के व विशिष्टता ८५ टक्के होती. १०० माता घेऊन हिशेब करू. आजारी २३ पैकी सुमारे २१ सापडतील, दोन निसटतील. निरोगी ७७ पैकी सुमारे १२ जणींवरही विनाकारण शिक्का बसेल. म्हणजे बोलावलेल्या ३३ जणींपैकी एक तृतीयांशाहून अधिक निरोगी असतील. सीमा खाली आणली, तर निसटणाऱ्या कमी होतात आणि तज्ज्ञांच्या दारातील रांग वाढते. जिल्ह्यात मानसोपचारतज्ज्ञ मोजकेच असताना हा मनुष्यबळाच्या वाटपाचा प्रश्न होतो. संख्याशास्त्र एकटे तो सोडवू शकत नाही.

आणखी एक बाब परीक्षार्थींच्या नजरेतून सुटते. ही श्रेणी मातेने स्वतः वाचून भरावी अशी रचलेली आहे. निरक्षर मातेला ती मोठ्याने वाचून दाखवावी लागते, बहुधा सासू वा आई शेजारी बसलेली असताना. दहावा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांविषयी आहे. एकांतात लिहिलेल्या उत्तरांवरून ठरलेली सीमा अशा मुलाखतीस लागू करण्यापूर्वी, ती त्याच रीतीने पुन्हा तपासावी लागते.