बोबडे बोल आणि घरचे खेळ
(केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



पहिलीच्या वर्गात बहुधा दरवर्षी एखादे तरी मूल असे येते की, ज्याचे बोलणे आपणांस चटकन उमगत नाही. ते 'कमळ'ला 'तमळ' म्हणते, 'गाय'ला 'दाय' म्हणते, 'राजा'चा 'लाजा' करते. घरी या बोबड्या बोलांचे कौतुक झालेले असते. शाळेत त्याच बोलांवर हशा पिकतो. कौतुक आणि हशा या दोहोंच्या मध्ये जे करावयास हवे, ते मात्र राहून जाते. ते काय, याविषयी चार शब्द आपणांपुढे ठेवावयाचे आहेत.

प्रथम माझी स्वतःची एक चूक सांगतो. सुमारे तीस वर्षांपूर्वी मी नवखा शिक्षक असताना माझ्या वर्गात असाच एक मुलगा होता. 'क'च्या जागी तो 'त' म्हणे. मी त्याला उभे करून 'कमळ' हा शब्द पाच वेळा म्हणावयास लावला. पाचही वेळा 'तमळ' असाच उच्चार झाला, वर्ग हसला, आणि सांगावयास लाज वाटते, मीही हसलो. दुसऱ्या दिवसापासून तो मुलगा वर्गात बोलेनासा झाला. पंधरा दिवसांनी त्याची आजी शाळेत आली व म्हणाली, "गुरुजी, पोर घरी लई बोलतंय, शाळंत का मुकं झालंय?" मला उत्तर देता आले नाही. पुढे त्या आजीनेच रोज सांजेला त्याला मांडीवर घेऊन, कावळ्या-कोंबड्याचे आवाज काढीत, हसत-खेळत 'क' शिकविला. 'क' यावयास चार महिने लागले. वर्गात त्याचा हात पुन्हा वर व्हावयास दोन वर्षे लागली. उच्चाराचा दोष लहान होता, मी केलेला घाव मोठा होता. मुलाची जीभ धाकाने सुधारत नाही. ज्याच्यापुढे चुकण्याची भीती वाटत नाही अशा माणसाबरोबर खेळता खेळता ती वळण घेते, हे मी त्या आजीपासून शिकलो.

दोष कोणता व दोष नव्हे ते कोणते

येथे तीन गोष्टी आधी पारखून घ्याव्यात.

पहिली गोष्ट वयाची. सर्व वर्ण मुलास एकदम साधत नाहीत. प, ब, म हे ओठांचे वर्ण लवकर येतात; 'र' पुष्कळ मुलांना उशिरा साधतो. तीन वर्षांच्या मुलाने 'राम'चा 'लाम' केला तर त्यात काळजीचे कारण नाही. सहा-सात वर्षांचे झाल्यावरही तसेच राहिले तर मात्र लक्ष घालावे.

दुसरी गोष्ट बोलीची, आणि ती आपण शिक्षकांनी विशेष ध्यानी घ्यावी. खेड्यांतील पुष्कळ घरांत 'पाणी'ला 'पानी' व 'शाळा'ला 'साळा' म्हणतात. वऱ्हाडात व खानदेशात 'डोळा'चा 'डोया' होतो. हा जिभेचा दोष नव्हे. ती त्या घराची भाषा आहे. ज्या मुलांची घरची भाषा गोंडी, भिली अथवा कोरकू आहे, त्यांच्या मराठी उच्चारांबाबतही हेच म्हणता येईल. पारख सोपी आहे. मूल जसे बोलते तसेच त्याची आई बोलत असेल, तर त्यास उपचाराची गरज नाही. प्रमाण भाषा त्याला हळूहळू वाचनातून व आपल्या बोलण्यातून मिळेल. आईच ज्याचे बोलणे समजत नाही म्हणते, ते मूल आपल्या काळजीचे.

तिसरी गोष्ट कानाची. जे नीट ऐकू येत नाही ते नीट बोलता येणे कठीण. मुलाचा कान वाहतो काय, पाठमोरे असता हाकेस ओ देते काय, शिकविताना ते सारखे आपल्या तोंडाकडे पाहते काय, हे पाहावे. शंका आल्यास कानाची तपासणी आधी, खेळ मागाहून. कान वाहत असता त्यात तेल घालू नये, हेही आईस सांगावे.

आपली वर्णमाला हाच नकाशा

मूल कोठे चुकते हे ओळखण्यास कोणत्याही यंत्राची आवश्यकता नाही. कंठ्य, तालव्य, मूर्धन्य, दंत्य, ओष्ठ्य या क्रमाने रचलेली आपली वर्णमाला म्हणजे मुखाचा नकाशाच होय. ती घशापासून निघून ओठांपर्यंत येते. 'क'चा 'त' व 'ग'चा 'द' करणारे मूल मागे लावावयाची जीभ पुढे दातांशी नेते, एवढाच त्याचा अर्थ. गळ्यावर बोटे ठेवून 'ग' म्हटले की कंप जाणवतो, 'क' म्हणताना तो जाणवत नाही. तळहातावर कापसाचा लहान पुंजका ठेवून तोंडासमोर धरावा. 'ख' म्हणताना तो 'क'पेक्षा अधिक हालतो. आरसा, बोटे आणि कापूस ही आपली साधने.

घरी खेळावयाचे खेळ

दिवसातून एकदोन वेळा, पाच-दहा मिनिटे पुरेत. मुलाला अजून खेळावेसे वाटत असतानाच खेळ थांबवावा, म्हणजे दुसऱ्या दिवशी ते आपण होऊन मागेल.

(१) ऐकण्याचा खेळ. मुलाने डोळे मिटावे. आईने तांब्यावर चमचा वाजवावा, बांगड्या किणकिणाव्यात, सुपात धान्य पाखडावे. मुलाने आवाज ओळखावा. मग शब्दांकडे वळावे. आईने 'काका, काकू, केळे' असे शब्द म्हणत जावे, आणि 'क' ऐकू आला की मुलाने टाळी द्यावी. अद्याप त्याने स्वतः काही म्हणावयाचे नाही. कानाला भेद कळला की जिभेचे अर्धे काम झाले.

(२) आवाजांचा खेळ. 'क'साठी कावळ्याची 'काव काव' व कोंबड्याची बांग. उभे राहून, मान किंचित मागे करून पाण्याच्या गुळण्या केल्या की जिभेच्या मागच्या भागाची जाणीव होते. मग पाण्यावाचून तसाच आवाज काढावयास सांगावे. मुलाला मांडीवर उताणे निजवून 'क' म्हणावयास लावले तर जीभ सहज मागे जाते. त्या वेळी तोंडात पाणी वा खाऊ असू नये. 'स'साठी दात मिटून सापाचा फुत्कार. 'र'साठी जात्याची घरघर किंवा ट्रॅक्टरचा 'ट्र्र्र' आवाज.

(३) पायऱ्यांचा खेळ. सुटा वर्ण साधला की बाराखडी हाताशी आहेच: का, की, कू. अंगणात खडूने पायऱ्या आखून प्रत्येक पायरीवर एक अक्षर म्हणत उडी मारावी. त्यानंतर आरंभी 'क' असलेले शब्द, जसे काका, केळे, कोंबडी. मग शेवटी 'क' असलेले, जसे नाक, चाक. मग मधला, जसा 'चिकट'. शब्द साधले की दोनतीन शब्दांचे वाक्य. एक पायरी पक्की झाल्यावाचून पुढची घेऊ नये. भराभर म्हणावयाच्या अवघड वाक्यांची चढाओढ ही अगदी शेवटची पायरी होय. ती आरंभीच लावल्यास मूल हिरमुसते.

(४) जोडशब्दांचा खेळ. हा खेळ मला सर्वांत गुणकारी वाटतो, कारण यात मुलाची चूक कोणी दाखवीत नाही, ती त्याची त्यालाच कळते. एकाच वर्णाचा फरक असलेल्या दोन वस्तू घ्याव्यात. 'क' व 'त' यांसाठी खेळण्यातली कार आणि तारेचा तुकडा. मुलाने मागावे, आईने द्यावे. त्याने कार मागावयास जाऊन 'तार' म्हटले तर आईने हसतमुखाने तारच पुढे करावी. मूल क्षणभर थबकते आणि जीभ मागे नेऊन पुन्हा मागते. 'ग' व 'द' यांसाठी गाणे आणि दाणे: 'गाणे' म्हटले की आईने गावयाचे, 'दाणे' म्हटले की मुठीतले दाणे दाखवावयाचे. 'र' व 'ल' यांसाठी पार आणि पाल यांची चित्रे; 'ट' व 'त' यांसाठी वाट आणि वात. मात्र तो वर्ण सुटा म्हणता येऊ लागल्यावरच हा खेळ घ्यावा, एरवी ती थट्टा होईल. दाणे व मणी यांसारख्या बारीक वस्तू लहान भावंडांच्या हाती जाऊ देऊ नयेत. घशात अडकण्याचा धोका असतो.

(५) परत देण्याची सवय. मूल म्हणाले, "आई, ताऊ आला," तर "चूक! नीट बोल" असे म्हणू नये. आईने म्हणावे, "हो रे, काऊ आला! काऊ काय खातो?" शब्द शुद्ध होऊन मुलाच्या कानी परत गेला, बोलणेही पुढे चालले. ही सवय भाकरी थापताना, वाटेने चालताना, अंघोळ घालताना दिवसभर पाळता येते. भ्रमणध्वनीवरील गाणी मूल ऐकते खरे. परंतु त्याने काय म्हटले हे ऐकून ते यंत्र त्यास उत्तर देत नाही. परत देणारे माणूसच हवे.

काही गैरसमज

फुगे फुगविणे, पिपाणी वाजविणे, जीभ वरखाली करणे यांनी मुले रमतात, आणि हे व्यायाम उच्चारासाठी पूर्वी सर्रास सांगितले जात. परंतु फुंकर बळकट झाल्याने 'क' सुधारतो असे दिसून आलेले नाही; ज्या वर्णाची उणीव, त्याच वर्णाचा सराव हवा. वेखंड उगाळून चाटविल्याने जीभ वळते, या समजुतीसही आधार नाही. जिभेखालचा पडदा कापून घेण्याची घाई काही घरांत होते. तो बोलण्याच्या आड येतो की नाही, हे केवळ डॉक्टरांनीच पाहून ठरवावे.

तोतरेपणाची गोष्ट निराळी. अडखळणाऱ्या मुलास "सावकाश बोल", "श्वास घे" असे सांगू नये, त्याचे वाक्य आपण पुरे करू नये. आपणच सावकाश बोलावे व त्याचे संपेपर्यंत त्याच्याकडे शांतपणे पाहत ऐकावे.

कोणास पुढे पाठवावे

जे मूल हाकेस ओ देत नाही, दोन वर्षांचे होऊनही दोन शब्द जोडीत नाही, येत असलेले बोलणे विसरू लागते, ज्याची टाळू दुभंगलेली आहे, अथवा ज्याचे अडखळणे सहा महिन्यांहून अधिक टिकले आहे, त्यास खेळांवर ठेवून वेळ दवडू नये. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा व शाळेत एकदा तपासणीस येते. त्या दिवशी अशा मुलाचे नाव आपण स्वतः पथकास सांगावे. वर्गात गप्प बसणारे मूल आपण होऊन आपली अडचण सांगणार नाही. तेथून जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे त्यास पाठविता येते.

आपले काम

आपण म्हणाल, चाळीस मुलांच्या वर्गात हे सारे कसे साधावे? ते वर्गात साधावयाचे नाहीच. घरी पोहोचवावयाचे आहे. पुढील पालक सभेत आया व आज्या यांना गोलात बसवून जोडशब्दांचा खेळ प्रत्यक्ष खेळून दाखवा. एका मुलासाठी एकच वर्ण निवडा, त्याचे दहा शब्द कागदावर लिहून द्या, आणि पंधरवड्याने विचारपूस करा. ज्या घरी वाचता येत नाही, तेथे चित्रे काढून द्या.

आणि वर्गात एकच पथ्य पाळा: कोणाच्या बोलण्यावर हसू नये. हे पथ्य मुलांस सांगण्यापूर्वी आपण पाळावयाचे आहे. 'क' आज ना उद्या येईल. तोवर त्या मुलाचा हात वर होत राहावा, एवढे आपल्याकडून व्हावे, अशी विनंती करून मी आपली रजा घेतो.