दमाने घ्या



'दमा आणि श्वासाचे शिक्षण' हा विषय जाहीर झाला तेव्हा आमच्या एका मित्राने विचारले, "श्वास घ्यायलाही शिकावे लागते काय? उपजलेले मूल शाळेत न जाताच घेते की!" शंका रास्त आहे. पण चालायलाही कोणी शाळेत जात नाही. तरी पायात काटा मोडला की माणूस लंगडू लागतो, आणि काटा निघाल्यावरही ती खोड काही दिवस राहते. दमेकऱ्याच्या श्वासाचे तसेच आहे. काटा आहे तो श्वासनलिकेत. लंगडणे आहे ते छातीचे, खांद्यांचे आणि मानेचे. काट्याचा बंदोबस्त औषधाने करायचा आणि लंगडणे व्यायामाने सोडवायचे. आज आम्हांला सांगायचे आहे ते एवढेच. आणि या दोन कामांची गल्लत केल्याने काय होते, हेही अनुभवाने सांगायचे आहे. कारण आम्ही स्वतः लहानपणापासूनचे दमेकरी आहोत.

बसल्या जागी एक लहानसा प्रयोग करून पाहा. ज्यांना दमा किंवा हृदयविकार आहे त्यांनी तो करू नये. दमेकऱ्यांना तर त्याची गरजही नाही. छाती भरून श्वास घ्या. तो न सोडता त्यावर आणखी थोडा घ्या. आता उरलेल्या एवढ्याशा जागेत आत-बाहेर, आत-बाहेर करा. चार वेळांतच जीव कासावीस झाला ना? सोडा, मोकळे व्हा. दमेकऱ्याला नेमके हे सोडणेच साधत नाही. पाहणाऱ्याला वाटते, बिचाऱ्याला हवा मिळत नाही. वास्तविक त्याच्या छातीत हवा कोंडलेली असते. जुनी बाहेर पडत नाही, म्हणून नवीला जागा नाही.

असे का होते? श्वासनलिकांचे अस्तर सुजते, भोवतालचे स्नायू आवळतात, आत चिकट कफ साचतो. श्वास घेताना छाती फुलते, तेव्हा या नळ्याही थोड्या रुंदावतात; सोडताना त्या अधिकच अरुंद होतात. म्हणूनच ती ओळखीची शिट्टी बहुधा श्वास सोडताना वाजते. छाती आणि पोट यांच्यामधला पडदा, ज्याला श्वासपटल म्हणतात, तो एरवी घुमटासारखा असतो. छाती फुगलेलीच राहिली की घुमट सपाट होतो आणि त्याला खाली सरकायला वाव उरत नाही. मग मानेचे आणि खांद्यांचे स्नायू मदतीला धावतात. खांदे कानांकडे चढतात, मान पुढे येते. संकटकाळी हे ठीक. पण पाहुणा म्हणून आलेली ही रीत घरातच ठाण मांडून बसते. दमा शांत असतानाही माणूस वरच्या छातीनेच, तोंडाने आणि घाईघाईने श्वास घेत राहतो. पाठीला पोक येतो, छाती आखडते आणि मान दुखू लागते.

आमच्या आजीला यातले काही ठाऊक नव्हते. रात्री आम्हांला धाप लागली की ती आम्हांला उठवून बसवी, पुढ्यात दोन लोड एकावर एक ठेवी आणि त्यांवर हात टेकून ओणवे व्हायला लावी. 'खांदे सोड, आणि दमाने घे,' एवढाच तिचा उपदेश. पुढे एका फिजिओथेरपिस्ट बाईंनी आम्हांला हेच आसन शिकवले, तेव्हा हसू आले. पुढे झुकून हात टेकले म्हणजे खांद्यांचा भार उतरतो आणि श्वासपटलाला काम करणे सोपे जाते, हे त्यामागचे शास्त्र. चरकसंहितेतही तमकश्वासाचे वर्णन करताना, असा रोगी आडवा पडला की त्रास वाढतो आणि बसला की त्याला सुख वाटते, हे नोंदले आहे.

आता रोजचा अभ्यास सांगतो. तो बरे असताना करायचा. आग लागल्यावर विहीर खणून भागत नाही. खुर्चीवर पाठ टेकून बसा. खांदे एकदा वर उचला आणि सैल सोडून द्या. एक हात छातीवर, दुसरा पोटावर ठेवा. तोंड मिटून नाकाने, आवाज न करता श्वास घ्या. पोटावरचा हात हलला पाहिजे, छातीवरचा जवळजवळ स्थिर राहिला पाहिजे. घेताना मनात दोन मोजा, सोडताना तीन, आणि सवय झाल्यावर चार. जोर लावून हवा बाहेर ढकलू नका. ती आपोआप जाऊ द्या. दहा मिनिटे सकाळी, दहा रात्री. नाकाचा आग्रह एवढ्यासाठी, की नाक हवा गाळते, ओलसर करते आणि ऊबही देते. तोंड यांतले फारसे काही करीत नाही. याच्या जोडीला दाराच्या चौकटीत दोन्ही हात टेकून छाती हलकेच पुढे ताणावी, आणि भिंतीला पाठ लावून ताठ उभे राहण्याचा सराव करावा. छातीत शिट्टी वाजत असताना मात्र भस्त्रिका-कपालभातीसारख्या वेगाच्या क्रियांच्या वाटेस जाऊ नये.

पुष्कळांना वाटते, जितका अधिक श्वास तितके बरे. तसे नाही. स्वस्थ बसलेला मोठा माणूस मिनिटाला साधारण १२ ते १६ वेळा श्वास घेतो. भीतीने त्याहून फार अधिक घेतला, तर रक्तातला कार्बन डायॉक्साइड प्रमाणाबाहेर कमी होतो. बोटांना मुंग्या येतात, डोके हलके होते, छाती आवळल्यासारखी वाटते. माणूस समजतो, दमा वाढला. तो आणखी घाबरतो आणि आणखी भराभर श्वास घेतो. हे चक्र तोडणे हा या शिक्षणाचा मोठा लाभ आहे.

लाभ होतो याला पुरावा काय? आपल्याकडे स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापन करून योगक्रियांना प्रयोगशाळेत आणले. इंग्लंडातील पॅपवर्थ रुग्णालयात १९६० नंतरच्या दशकात श्वासशिक्षणाची एक पद्धत तयार झाली. तिची ८५ रुग्णांवर घेतलेली परीक्षा २००७ साली प्रसिद्ध झाली. पुढे २०१८ साली ब्रिटनमधल्याच ६५५ रुग्णांच्या मोठ्या परीक्षेचे निष्कर्ष आले. दोन्हींचा कौल एकच: शिकलेल्यांचे रोजचे जगणे सुधारले, पण फुप्फुसांची मोजमापे जिथल्या तिथे राहिली. दुसऱ्या परीक्षेत तर घरी चित्रफीत पाहून शिकलेल्यांनाही समोर बसून शिकलेल्यांइतकाच गुण आला. गरिबाला ही मोठी आशेची गोष्ट आहे. नुसत्या शरीराच्या ठेवणीवरील व्यायामांचा पुरावा मात्र याहून तुटपुंजा आहे, हेही सांगितले पाहिजे.

मोजमापे का बदलली नाहीत? कारण लंगडणे सुटले तरी काटा जिथल्या तिथेच होता. हे वाक्य आम्ही फार महागात शिकलो. तिशीत असताना हा अभ्यास आम्ही मन लावून केला. चार महिने एकही रात्र वाईट गेली नाही. मग काय, आम्ही स्वतःच वैद्य झालो! रोजचा पंप टेबलाच्या खणात टाकला आणि चारचौघांत, आम्ही दमा जिंकला, अशी फुशारकी मारू लागलो. दिवाळी आली, फटाक्यांचा धूर झाला, पाठोपाठ थंडी पडली. एका पहाटे जाग आली ती छातीवर कोणी बसल्यासारखी. दोन मोजले, तीन मोजले. लोड घेतले, खांदे सोडले. काही चालेना. पत्नीने रिक्षा आणली, पण रिक्षावाल्याला रुग्णालयाचे नावदेखील आम्हांला एका दमात सांगता आले नाही. तीन दिवस प्राणवायूवर काढले. तिथल्या वयस्कर डॉक्टरांनी रागावण्याऐवजी एवढेच विचारले, "पाय दुखायचा थांबला म्हणून काटा तसाच ठेवता का हो?" भाषणाच्या आरंभीचा दृष्टांत त्यांचा आहे. त्यांचे ते उसने आज जाहीरपणे फेडतो.

'पंपाची सवय लागते' हा समज आपल्या घराघरांत आहे. मुलीला दमा आहे हे लग्न ठरेपर्यंत लपवतात, आणि लपवण्याच्या भरात तिचा पंपही बंद करतात. अशांना आमची हात जोडून विनंती आहे. रोजचा पंप सूज उतरवतो. त्यातली औषधाची मात्रा अगदी थोडी असते आणि ती थेट श्वासनलिकेत जाते. तो कमी करायचा की नाही, हे डॉक्टरांनी ठरवायचे. आणि एक वाक्य एका दमात पुरे होत नसेल, पंपाने उतार पडत नसेल किंवा ओठ निळसर दिसू लागले असतील, तर व्यायाम करीत बसू नका, रुग्णालय गाठा.

आपल्या भाषेने या एका शब्दाभोवती केवढे शहाणपण साठवले आहे पाहा. थकलेल्याला आपण सांगतो, जरा दम खा. उतावळ्याला सांगतो, दम धर. आजी सांगे, दमाने घे. घाई न करता श्वास सोडायला शिकावे, आणि औषध सोडण्याची घाई करू नये, हे दोन्ही अर्थ त्यात आले. तिला पहिलाच ठाऊक होता. दुसरा आम्ही तीन दिवस रुग्णालयात राहून शिकलो. तुम्हांला तो इथे बसून, फुकटात मिळाला आहे. तो घरी घेऊन जावा, एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.