आतली कड



मी बी.ए., बी.एड. झालेला भाषेचा शिक्षक. लोखंडाच्या कामाविषयी मी बोलावे, याचे आपणास नवल वाटेल. परंतु हा धडा मला माझ्याच एका विद्यार्थ्याने दिला. तो दुसऱ्या खेपेस दहावी पास झाला, तेव्हा "याच्या हातून पुढे काही होणार नाही," असे मी त्याच्या अब्बांना सांगितले होते. त्यांनी माझे ऐकले नाही. मुलाला आय.टी.आय.मध्ये दोन वर्षांच्या फिटरच्या अभ्यासक्रमाला घातले. गेल्या वर्षी तो भोसरीहून सुट्टीला आला, तेव्हा पोलादाचा एक बाद ठोकळा माझ्यासाठी घेऊन आला.

ठोकळा बाहेरून आरशासारखा चकचकीत. आत एक उभे व एक आडवे भोक एकमेकांस मिळत होते. "सर, टाचणी घालून बघा," तो म्हणाला. टाचणी मधेच अडली.

ड्रिल पलीकडे बाहेर पडताना धातूचा शेवटचा पातळ थर कापला न जाता पुढे ढकलला जातो आणि कडेला धारदार दाते उरतात. कारखान्यात त्याला 'बर' म्हणतात. तेलाच्या दाबावर चालणाऱ्या यंत्रात असा ठोकळा बसविला, की केव्हातरी ती बर तुटते, तेलाबरोबर वाहत जाते आणि झडप अडकवते किंवा रबरी सील चिरते.

बाहेरची बर कानशीने निघते. आतली कशी काढावी? वाकड्या पात्याचे हत्यार किंवा बारीक ब्रश आत घालून फिरवितात. जेथे तेही पोचत नाही, तेथे लांबीसारख्या घट्ट लगद्यात कठीण कण मिसळून तो दाबाने भोकातून पुढेमागे ढकलतात. दुसऱ्या रीतीत क्षाराचे पाणी व विजेचा प्रवाह सोडून बर विरघळवितात. हत्यार धातूला शिवतही नाही. तिसऱ्या रीतीत बंद कोठीत इंधनवायू व प्राणवायू भरून ठिणगी देतात. पातळ बर क्षणार्धात जळते. जाड ठोकळा तितका तापण्यापूर्वीच आग संपते.

त्याच्या लहानशा कारखान्यात ही यंत्रे नाहीत. तेथे हात, दिवा आणि टाचणी. मी विचारले, "हा ठोकळा बाद कोणी केला? साहेबांनी?"

"नाही सर, मीच. माझ्याच हातचा होता. साहेबांना आतले दिसले नसते."

मित्रांनो, वीस वर्षांच्या त्या मुलापुढे मी निरुत्तर झालो. मी त्याची गुणपत्रिका पाहिली होती. आत टाचणी घालून पाहिले नव्हते.

पालकांनो, मुलाचा हात कामात रमत असेल, तर त्याला कमी लेखू नका. चौकशी करून योग्य हुनर शिकवा. आणि विद्यार्थ्यांनो, वही असो की पोलाद, जेथे तपासणाऱ्याची नजर पोचत नाही, तेथली कड आधी साफ करा. तो ठोकळा आज माझ्या वर्गातील टेबलावर आहे. ज्याला पाहावयाचा असेल, त्याने टाचणी घेऊन यावे.