हिवतापाचा दाह आणि शरीराची उपजत प्रतिकारशक्ती



बेळगाव, चिकोडी, निपाणी या भागांतील वयोवृद्धांना हिवतापाची ओळख करून देण्याची आवश्यकता नाही. दिवसाआड भरणारी हुडहुडी आणि वाढलेली पानथरी त्यांनी पाहिलेली आहे. १९४६ साली शेजारच्या धारवाड व उत्तर कानडा जिल्ह्यांत घरोघर डी.डी.टी. फवारण्यात आले. १९५३ पासून राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. आज आपल्याकडे या रोगाचे रुग्ण फारच थोडे आढळतात. परंतु रोग विरळ झाला म्हणून तो सौम्य झाला, असे मात्र नव्हे. हे समजण्यासाठी ताप कसा येतो, ते पाहिले पाहिजे.

ॲनॉफिलिस डासाची मादी चावली की हिवतापाचे जंतू प्रथम यकृतात शिरतात. तेथे ते आठवडाभर किंवा अधिक काळ वाढतात, तरी मनुष्यास काहीच जाणवत नाही. पुढे ते रक्तातील तांबड्या पेशींत शिरतात आणि साधारण ४८ तासांनी त्या पेशी फोडून बाहेर पडतात. या फुटण्याचा व तापाच्या पाळीचा संबंध इटलीतील शास्त्रज्ञ कामिल्लो गॉल्जी यांनी १८८० च्या दशकात दाखवून दिला.

पेशी फुटली की जंतूंबरोबर त्यांचे अवशेष व काळपट रंगद्रव्य रक्तात पसरते. रक्तातील काही पांढऱ्या पेशींच्या ठिकाणी असे परके पदार्थ ओळखणारे ग्राही जन्मतःच असतात. हीच उपजत प्रतिकारशक्ती होय. अशा ग्राहींच्या शोधकार्याबद्दल ज्यूल हॉफमन व ब्रूस बॉयटलर यांना २०११ चे नोबेल पारितोषिक मिळाले. परका पदार्थ ओळखताच या पेशी सायटोकाइन नावाची संदेशद्रव्ये सोडतात. त्यांच्यामुळे मेंदूतील तापमानाचे नियंत्रण वरच्या अंशावर जाते, आणि ती उष्णता गाठण्यासाठी अंग थरथरू लागते. तात्पर्य, तापाची आग जंतू लावीत नाही. ती आपले शरीरच संरक्षणासाठी पेटविते.

मर्यादेत असेल तर हा दाह उपकारक ठरतो. भक्षक पेशी सावध होतात आणि पानथरी रोगट पेशी गाळून काढते. मर्यादा सुटली की तोच दाह घातक होतो. फाल्सिपॅरम जातीच्या हिवतापात रक्तवाहिन्यांचे अस्तर चिकट बनते, रोगट पेशी तेथे अडकतात, आणि मेंदूचा रक्तपुरवठा अडला तर रुग्ण बेशुद्ध पडतो.

ज्या प्रदेशात हिवताप वारंवार होतो, तेथील प्रौढांचे शरीर हळूहळू हा दाह आवरण्यास शिकते. अशा मनुष्याच्या रक्तात जंतू असूनही त्याला ताप नसतो. आपल्याकडील नव्या पिढीला ही सवय उरलेली नाही. त्यामुळे थोड्या जंतूंनीही तिला तीव्र ताप भरू शकतो. रोग विरळ झाल्याचा हा दुसरा परिणाम आपण ध्यानी घेतला पाहिजे.

आपल्या जिल्ह्यातून पुष्कळ लोक बांधकामावर गोव्यास जातात. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात पणजीत हिवताप पसरला, तेव्हा बांधकामावरील मजूर त्यात मोठ्या प्रमाणावर सापडले होते. परगावी राबून आलेल्या माणसास दोष देऊ नये. त्याचे रक्त मात्र तपासून घ्यावे.

ताप नेहमी ठराविक पाळीनेच येईल, असेही नाही. तापाची साधी गोळी घेतल्याने आग खाली बसते, पण जंतू रक्तात तसेच राहतात. म्हणून ताप आल्यास त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा आशा कार्यकर्तीकडे रक्त तपासून घ्यावे. बरे वाटले तरी औषध सांगितलेले सर्व दिवस पूर्ण घ्यावे. व्हायव्हॅक्स जातीचे जंतू यकृतात दडून राहतात व काही महिन्यांनी पुन्हा उठतात. शिक्षकांनी वर्गातील तापकरी मुलाची वार्ता पालकांना त्वरित द्यावी. पाण्याची भांडी आठवड्यातून एकदा रिकामी करून कोरडी ठेवावीत.

२०३० पर्यंत देश हिवतापमुक्त करण्याचे उद्दिष्ट आहे. शेवटचे थोडे रुग्ण शोधून काढणे हेच त्यातील अवघड काम असून, ते गावाच्या सहकार्यावाचून होणार नाही. ते आपणाकडून लाभेल अशी आशा व्यक्त करून मी आपले भाषण संपवितो.