जुना संगणक घेताना

कचेरीच्या हिशेबाला दुरुस्त केलेला जुना डेस्कटॉप खुशाल घ्या, पण आधी प्रोसेसरची पिढी विचारा. विंडोज 10चे नेहमीचे मोफत अपडेट 14 ऑक्टोबर 2025 रोजी थांबले आणि विंडोज 11ला इंटेलची साधारण आठवी पिढी लागते. नुसत्या 'आय-फाइव्ह'च्या स्टिकरवर जाऊ नका, त्यापुढचा आकडा पाहा. 6500 म्हणजे सहावी पिढी, 8500 म्हणजे आठवी. आठ जीबी रॅम आणि एसएसडी हवीच.

दुकानदाराला डबा उघडायला सांगा. फुगलेला कपॅसिटर दिसला तर तो संगणक घेऊच नका. घेतल्यावर उष्णतेकडेही लक्ष ठेवा. खामगाव, मलकापूर म्हणजे घाटाखालचा कडक उन्हाळा. त्यात कापसाच्या जिनिंगमध्ये रुईचे तंतू पंख्यात अडकतात, संगणक तापतो. तिथे महिन्याला पंखा साफ करा. आणि पक्क्या बिलावर वॉरंटी लिहून घ्या.