कपाटावरचा कागद



आपल्या वसई-विरार पट्ट्यात जुनं घर पाडून इमारत उभारायचं ठरलं, की आधी अंगणात येऊन पडतं ते लाकडी सामान. फडताळं, पेट्या, तिवया, पाट, चौरंग, एखादा पाळणा. जुन्या फर्निचरचा व्यापारी येतो, सागवानी आणि शिसवी तेवढं उचलून नेतो. मागे राहतं ते हलकं लाकूड, रंग उडालेलं, कुठे भुंग्याने पोखरलेलं. ते भंगारात जातं, नाहीतर चुलीत. आज मला या मागे राहिलेल्या सामानाबद्दल बोलायचं आहे, आणि त्याला सावरणाऱ्या डेकूपाज या कलेबद्दल. छापील चित्रं कातरायची, लाकडावर चिकटवायची आणि वर रोगणाचे इतके थर द्यायचे, की कागदाची कड बोटालाही लागू नये. कला एवढीच, पण तिला चिकाटी फार लागते.

ही कला युरोपची म्हणून ओळखली जाते. तिच्या मुळाशी मात्र जपानी लाखेची ओढ आहे, आणि ते लाखकाम पोर्तुगिजांसाठी होत होतं तेव्हा जपानात आपल्या वसईचा एक माणूस वावरत होता. संत गोन्सालो गार्सिया. पोर्तुगीज अमलातल्या वसईत त्यांचा जन्म झाला, पोरसवदा वयात ते जेझुइट पाद्र्यांबरोबर जपानला गेले, तिथली भाषा शिकले, काही काळ व्यापारही केला. पुढे फ्रान्सिस्कन होऊन ते पुन्हा जपानला पोचले आणि 5 फेब्रुवारी 1597 रोजी नागासाकीला क्रुसावर हुतात्मा झाले. त्याच काळात जपानी कारागीर पोर्तुगिजांसाठी पेट्या, धर्मचित्रं ठेवायची कपाटं, धर्मग्रंथ वाचायची घोडी असं सामान बनवत होते. काळीभोर लाख, तिच्यावर सोन्याची भुकटी आणि शिंपल्याचं जडावकाम. त्या जडावकामाची आवड पोर्तुगिजांना लागली होती ती गुजरातच्या शिंपलाकामावरून, म्हणजे आपल्याच शेजारच्या किनाऱ्यावरून. नागासाकीच्या त्या हुतात्म्याचं नाव वसईत सगळ्यांना ठाऊक आहे. त्याच्या काळातलं हे लाखकाम मात्र आपण कधी बघितलेलं नसतं, याची मला चुटपुट वाटते.

हे सामान युरोपात पोचलं आणि तिथल्या श्रीमंतांना त्याचं वेड लागलं. पण जपानी लाख म्हणजे एका झाडाचा चीक. ते झाडही तिथे नव्हतं आणि ते तंत्रही नव्हतं. मग व्हेनिसच्या कारागिरांनी रंग आणि रोगणं वापरून तसा देखावा उभा केला. तोही महाग पडू लागला, तेव्हा अठराव्या शतकात कुणीतरी ब्रश बाजूला ठेवून कात्री हातात घेतली. बस्सानो गावचा रेमोन्दिनी छापखाना खास कातरण्यासाठी चित्रांचे ताव छापू लागला. ती चित्रं रंगवून, कातरून, सरसाने कपाटावर चिकटवायची आणि वर चंद्रसासारख्या राळेच्या रोगणाचे थरावर थर द्यायचे. लोकांनी या कामाला नाव दिलं ‘गरिबांची लाख’. ज्यांना चितारी परवडत नव्हता त्यांनीही आपलं दार सुंदर करून घेतलं. या कलेचं मोठेपण मला इथेच दिसतं. आज व्हेनिसचं ते स्वस्त सामान संग्रहालयांत जपून ठेवलेलं आहे.

आपल्याकडे हे नाव नव्हतं, पण कागद लाकडावर चढलेला होता. 1894 साली राजा रविवर्म्यांचा छापखाना मुंबईत सुरू झाला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, आणि लक्ष्मी-सरस्वती घरोघरी पोचल्या. त्या चित्रांना बायका जरीचे, कापडाचे तुकडे आणि मणी चिकटवून नटवायच्या. देव्हाऱ्याच्या पाठीला, पेटीच्या झाकणाला आतून अशी चित्रं लागायची. कापडाच्या गाठींवर येणारे रंगीत छापसुद्धा लोक जपून ठेवायचे. ख्रिस्ती घरांतल्या आल्तारावर संतांची चित्रं असायची. या साऱ्यावर रोगण तेवढं नव्हतं, म्हणून कसर लागली आणि बरंचसं गेलं. रोगणाचं ज्ञान होतं ते खाली सावंतवाडीला. तिथले चितारी चिंचोक्याच्या खळीने गंजिफा, म्हणजे खेळायचे पत्ते, ताठ करायचे, रंगवायचे आणि वर लाख चढवायचे. सावंतवाडीच्या राजघराण्याने ही कला सावरली आणि तीच चित्रं पुढे खुर्च्या-टेबलांवरही आली. ते रंगकाम आहे, चिकटकाम नव्हे. पण कागदाला लाख काय देते, हे शिकावं तर त्यांच्याकडूनच.

आता आपल्या हवेबद्दल, कारण इथेच बहुतेकांचं काम बिघडतं. वसईत पावसाळ्यात लाकूड फुगतं, कागद सर्द होतो आणि खळीवर बुरशी चढते. म्हणून हे काम दिवाळीनंतर काढावं. लाकूड आधी उन्हात तापवून कोरडं करावं, भुंग्याची भोकं औषध सोडून लांबीने बुजवावीत, मग काचकागद मारून अस्तर लावावं. घरची खळ वापरायची तर बुक-बाइंडर घालतात तसं चिमूटभर मोरचूद घालावं. ते विषारी असतं, तेव्हा मुलांचे हात दूर ठेवावेत. नाहीतर पांढरं फेविकॉल थोडं पाणी घालून चालतं. कागद मधून कडेकडे दाबत न्यावा. फुगा राहिला तर सुईने टोचून हवा काढावी. इंकजेट छपाई ओली झाली की पसरते, तेव्हा लेझर प्रिंटच घ्यावी. आणि रोगणाची घाई मुळीच करू नये. प्रत्येक थर पुरता वाळू द्यावा, दोन-तीन थरांनी बारीक काचकागद हलक्या हाताने फिरवावा. नखाला कड लागेनाशी झाली म्हणजे काम झालं.

चिकटवायचं काय? दुकानात इंग्लिश गुलाबांचे नॅपकिन मिळतात, आणि जो तो तेच लावतो. मला ते पटत नाही. आपल्याकडे सोनचाफा आहे, जास्वंद आहे, केळीचे लोंगर आहेत, वसई किल्ल्याच्या कमानी आहेत. जुन्या लग्नपत्रिका आणि कॅलेंडरं आहेत. वारली चित्रं घ्यायची तर ती त्या चित्रकाराकडून विकत घ्यावीत, त्यांचे फुकट प्रिंट मारू नयेत.

दोन गोष्टी मी हात जोडून सांगतो. धड असलेल्या सागवानी किंवा शिसवी लाकडावर कागद चढवू नका. त्याला तेलपाणी करा, पॉलिश करा, त्याच्या रेषा उघड्या राहू द्या. डेकूपाज आहे ते डागाळलेल्या फळीसाठी, प्लायसाठी, फुटक्या तिवईसाठी. दुसरं, घरातला मूळ फोटो, जुनं पत्र, आजोबांची सनद कधीही कातरू नका. त्याची प्रत काढा आणि प्रतीला कात्री लावा.

यंदा कुणाचं घर पाडायला निघालं असेल, तर भंगारवाल्याला हाक मारण्याआधी माळ्यावरची एखादी मोडकी पेटी खाली काढा, दोन दिवस उन्हात ठेवा आणि घरातल्या मुलांना कात्री द्या.